बिनतारी पेटी आणि चिऱ्याची भिंत

हळर्ण या आमच्या गावाचे नाव फार पूर्वीच सातासमुद्रांपलीकडे पोचलेले आहे. शापोरा नदीच्या काठचा सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि ती स्वारी करणाऱ्या व्हाइसरॉयास पुढे त्याच्या राजाने ‘आलोर्नाचा मार्किस’ असा किताब बहाल केला. आलोर्ना म्हणजेच आमचे हळर्ण; परकीय जिभेला ‘ह’ आणि ‘ळ’ हे दोन्ही वर्ण जड गेले असावेत. त्या व्हाइसरॉयची नात लिओनोर (१७५०–१८३९) ही तर ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावाने पोर्तुगीज कवयित्री म्हणून विख्यात झाली. अशा रीतीने आमच्या गावाचे नाव लिस्बनच्या काव्येतिहासापर्यंत जाऊन भिडले. मात्र आमच्या स्वतःच्या घरात ओसरीवरचा वायफायचा सिग्नल माजघर ओलांडून आईच्या खोलीपर्यंत काही केल्या पोचेना. त्या तीस-बत्तीस हातांच्या प्रवासाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमचे घर जुन्या वळणाचे आहे. पुढे ओसरी, ओसरीतून आत शिरले की सोपा, सोप्यामागे माजघर, माजघराच्या उजव्या अंगास देवघर, डाव्या अंगास आईची खोली, आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर व न्हाणी. भिंती सगळ्या चिऱ्याच्या, दीड हात जाडीच्या. ज्या जांभ्या दगडाने किल्ल्याचा तट उभा राहिला त्याच दगडाने आजोबांनी घर बांधले, आणि बाहेरचे काही आत येऊ द्यावयाचे नाही हा तटाचा धर्म घराच्या भिंतींनीही निष्ठेने पाळला. वैशाखातले ऊन त्या आत येऊ देत नाहीत. पावसाचा आवाजही त्या अर्ध्यावर आणून सोडतात. आईच्या खोलीला घरात अजून ‘बाळंतिणीची खोली’ म्हणतात. आम्ही सर्व भावंडे तेथेच जन्मलो. तिला खिडकी एकच, तीही हातभर रुंदीची आणि मागल्या बाजूच्या फणसाकडे उघडणारी.

घरात इंटरनेट आले ते २०२० साली, महामारीच्या दिवसांत. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. सत्तरी-सांग्याकडची मुले त्या वर्षी सिग्नलसाठी डोंगर चढत होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आमच्याकडे फायबरची तार रस्त्यावरून आली, आणि तार ओढणाऱ्याने ती जेथून सोयीची तेथून, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यातून, आत घेतली व पेटी तेथेच खिळ्याला टांगली. आम्ही ओसरीवर बसून शिकवीत असू. तेव्हा काहीच अडचण नव्हती, म्हणून पेटी कोठे असावी असा प्रश्नही मनात आला नाही.

आता मावशीविषयी सांगणे भाग आहे. आईची ही धाकटी बहीण लग्न होऊन बेळगावास गेली. मध्ये घाट. दोघींची भेट लग्नकार्याला किंवा मर्तिकाला. एरवी पोस्टाच्या निळ्या अंतर्देशीय पत्रावर. आईला गेल्या दहा-बारा वर्षांत ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. कानात घालावयाचे यंत्र आणून दिले तर ‘मुंग्या शिरल्यासारखे होते’ म्हणून तिने ते देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिले. अशा स्थितीत २०२० साली मोबाइलच्या पडद्यावर बहिणीचे तोंड दिसू लागले आणि या दोन वृद्धांचे बोलणे नव्याने सुरू झाले. मावशी सावकाश बोले आणि आई तिच्या ओठांवरून शब्द उचली. आमच्या ओठांवरून तिला काही कळत नसे. मुख्याध्यापकाचे ओठ भरभर हलतात, असे तिचे म्हणणे. कधी भाचेसूनबाईंनी फोन नीट धरला नाही आणि पडद्यावर छपराचे वासे दिसू लागले की आई इकडून ओरडे, “आवाज नाका, तोंड दाखय!” रोज सायंकाळी सात वाजता ती काठी टेकीत सोप्यावर येऊन बसे, आणि आठ वाजता उठून देवापुढे जाई. चार वर्षे हा नेम चालला.

२०२४ च्या मे महिन्यात आई न्हाणीत पाय घसरून पडली. कमरेचे हाड दुखावले. डॉक्टरांनी तीन महिने खाटेवरून हलावयाचे नाही असे बजावले, आणि सात वाजताचा सोपा बंद झाला. मोबाइल कंपनीचा सिग्नल त्या खोलीत एका काडीवर येई आणि खिडकी लावली की तीही जाई. मावशीच्या नातवाने तिचे बोलणे मुद्रित करून पाठविण्याची युक्ती काढली. आईने पहिल्या दिवशी ते आनंदाने पाहिले आणि उत्तरे दिली. आपल्या उत्तराकडे मावशीचे लक्षच नाही हे ध्यानात येताच ती रागावली, आणि दुसऱ्या दिवशी तिने तोंड भिंतीकडे केले.

तेव्हा आम्ही म्हापशास जाऊन नवी पेटी आणावयाचे ठरविले. खरे सांगावयाचे तर या खरेदीत मातृभक्तीइतकाच आमचा मुख्याध्यापकी स्वभावही होता: अडचण आली की वस्तू आणावी, पावती फाइलला लावावी, आणि प्रश्न सुटला असे समजावे. दुकानदाराने विचारले, “सर, घर किती मोठे?” आम्ही अंदाजाने आकडा सांगितला. त्याने फळीवरून एक काळी, कोळ्यासारखी पेटी काढली. “ही न्या. तीन हजार चौरस फूट. सहा अँटेना आहेत, भिंत फोडून जाईल.” भिंती किती, कशाच्या, असे त्याने विचारले नाही, आणि आम्हांलाही सांगावेसे वाटले नाही. सहा अँटेना म्हणजे सहापट पल्ला, असा त्रैराशिकाचा हिशेब आम्ही मनातल्या मनात मांडला होता. चौथीतल्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर आम्ही लाल रेघ ओढली असती. ४,३०० रुपये मोजून आम्ही पेटी घरी आणली आणि जुनी होती तेथेच, ओसरीच्या कोपऱ्यात, लावली.

सोप्यावर तिने कमाल केली. अंगणात तुळशीपाशी उभे राहूनही फोनवर पूर्ण काड्या दिसत. आईच्या खोलीतही दोन काड्या दिसल्या आणि आम्ही विजयी मुद्रेने फोन तिच्या हाती दिला. मावशी दिसली. तिचे तोंड उघडले, आणि उघडे राहिले. चित्र थिजले. पाच-सात सेकंदांनी ते हलले तो ती दुसरेच काही बोलत होती, पुन्हा थिजले. आम्ही विचारले, “दिसते ना?” आई म्हणाली, “दिसते. पण ती बोलत का नाही?”

त्यानंतर शाळा सुरू झाली. प्रवेश, गणवेश, पुस्तके, गळके छप्पर. आम्ही इंटरनेट पुरविणाऱ्यांकडे तक्रार नोंदविली. त्यांचा माणूस आला, त्याने ओसरीवर उभे राहून वेग मोजला, तो पुरेपूर भरला, आणि तो सही घेऊन गेला. पाऊस लागल्यावर चित्र अधिकच थिजू लागले. आम्ही ‘या रविवारी बघू’ असे म्हणत राहिलो.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, १६ जुलैला, मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, आणि वाचा गेली.

जूनच्या आरंभापासून त्या दिवसापर्यंतच्या सहा आठवड्यांत ती सायंकाळी सात वाजता नेमाने फोनसमोर बसत असे. ती जे बोलली ते आईपर्यंत आले नाही. काय बोलत होती, असे आम्ही पुढे तिच्या नातवाला विचारले. तो म्हणाला, “रोजचेच, काका. जेवलीस का, पाऊस आहे का, फणस पडले का.”

ऑगस्टमध्ये सोप्यावरचा पंखा दुरुस्त करावयास आमचा एक जुना विद्यार्थी आला. तो विजेची कामे करतो आणि इंटरनेटच्या ताराही ओढतो. शिडीवर चढून काम करता करता त्याची नजर ओसरीवरच्या पेटीकडे गेली. “सर, पेटी चांगली आहे. जागा चुकली.” आम्ही त्याला सगळी हकीकत सांगितली: खोलीत दोन काड्या दिसतात, तरी चित्र का थिजते? तो हसला आणि म्हणाला, “सर, वर्गात तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत खणखणीत यायचा. पण आमचा आवाज तुम्हांला कुठे ऐकू जायचा?”

हे वाक्य आम्हांला झोंबले, आणि त्यातच सर्व शास्त्र होते. आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचा परवाना दर वर्षी पोस्टात जाऊन नवा करून घ्यावा लागे. आंब्यापासून छपरापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे, आणि जितकी ती उंच तितके स्टेशन स्पष्ट, हे वडिलांनी आमच्या डोक्यात पक्के बसविले होते. पण रेडिओ फक्त ऐकतो. पणजीचे केंद्र जोरात बोले, आमचा रेडिओ मुकाट्याने ऐके. त्याने उलट उत्तर द्यावे अशी कोणाची अपेक्षा नसे. वायफायचे तसे नाही. तेथे मजकुराचे तुकडे तुकडे करून पाठवितात आणि प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच फोनने परत द्यावी लागते, रजिस्टर पत्राप्रमाणे. पोच आली नाही तर पेटी तोच तुकडा पुन्हा पाठविते, पुन्हा पाठविते, आणि तोवर मावशीचे तोंड उघडेच राहते. पेटीला भिंतीतून विजेचा पुरवठा आणि सहा शिंगे. फोनला मात्र इवलीशी बॅटरी, बोटभर अँटेना, आणि तीही हाताच्या तळव्यात दडलेली. पेटीची हाक फोनला ऐकू येते म्हणून त्यावर काड्या दिसतात. फोनचे क्षीण उत्तर पेटीपर्यंत पोचते की नाही, हे त्या काड्या सांगत नाहीत. त्या दोन काड्यांनी आम्हांला अडीच महिने फसविले होते.

बिनतारी लहरी भिंतीपार जातात हे जगदीशचंद्र बसूंनी १८९४-९५ च्या सुमारास कलकत्त्यात लोकांसमक्ष दाखवून दिले होते. त्यांनी भिंतीपलीकडून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारूही उडविली. तेव्हा भिंत ही काही अभेद्य गोष्ट नव्हे. परंतु कोणती भिंत, किती जाड, आणि ओली की कोरडी, हे प्रश्न उरतातच. त्या रविवारी आम्ही आणि आमचा विद्यार्थी मिळून घराचा नकाशा काढला आणि फोनवर सिग्नल मोजण्याचे एक साधन घेऊन खोली खोली हिंडलो. हे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ ते ७० पर्यंत चित्रासह बोलणे सुखाने चालते, उणे ८० च्या पलीकडे धाप लागते. आणि यातील तीन अंक म्हणजे ताकद निम्मी, दहा अंक म्हणजे दहावा हिस्सा. ओसरीवर उणे ३८ आले, सोप्यावर ५१, माजघरात ६६, आणि आईच्या खाटेपाशी ८३. सोप्यापासून त्या खाटेपर्यंतच्या वाटेत बत्तीस अंक गेले, म्हणजे सोप्यावर जे होते त्याचा हजारावा हिस्साही उरला नाही.

विद्यार्थ्याने नकाशावर ओसरीपासून खाटेपर्यंत सरळ रेघ ओढली तेव्हा आम्हांला आणखी एक गोष्ट कळली. ती रेघ तीन भिंती ओलांडत होती, आणि त्यांतील दोन तिरप्या. दीड हात जाडीची भिंत तिरपी ओलांडावयाची तर वाट दोन-अडीच हातांची होते. शिवाय जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी या लहरींना गिळते. पाऊस लागल्यावर चित्र अधिक थिजू लागले त्याचे हे कारण. पुरवठादाराला दिलेल्या तक्रारीत आम्ही ‘पावसाळ्यात आपली सेवा ढासळते’ असे खरमरीत वाक्य लिहिले होते. ते वाक्य आम्ही मनातल्या मनात परत घेतले.

सहा अँटेनांचे रहस्यही तेव्हाच उलगडले. अँटेना वाढल्या म्हणून आवाज हवा तितका वाढविता येत नाही, कारण आवाजाला सरकारने मर्यादा घातलेली आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ साली परवान्यातून मुक्त झाला तो ताकदीची कमाल मर्यादा ठरवूनच, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराच भाग २०१८ साली असाच मर्यादेसह मोकळा झाला. कायदेशीर पेटी कोणत्याही कंपनीची असो, तिला याच कुंपणात राहून बोलावे लागते. अधिक अँटेनांचा उपयोग आहे, नाही असे नाही. अनेक प्रवाह एकदम वाहून वेग वाढतो, क्षीण उत्तर चार कानांनी ऐकल्यासारखे अधिक नीट ऐकू येते. पण तीन तिरप्या चिऱ्याच्या भिंतींपुढे त्याची मात्रा चालत नाही.

या दोन पट्ट्यांतला फरक घरातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सुमारे सहा. लांब लहर भिंतीतून आणि कोपऱ्यावरून त्या मानाने बरी जाते, पण तिच्या पट्ट्यात गर्दी फार: शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथ, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह भट्टी चालू असेल तर तिची गुणगुण. आखूड लहर वेगवान, तिच्याकडे जागाही मोकळी. पण पहिल्याच भिंतीला ती दमते. आमच्या फोनला वेगाचा मोह पडून तो सोप्यावर ५ ची लहर धरी आणि माजघरात शिरल्यावरही ती सोडावयास तयार नसे. दोन्ही पट्ट्यांची पेटी घ्यावीच, पण भिंतीपलीकडच्या खोलीसाठी भरवसा २.४ वर ठेवावा. वेष्टनावर जे ‘वाय-फाय ५’, ‘वाय-फाय ६’ असे आकडे छापलेले असतात ते पिढ्यांचे क्रमांक आहेत. २०१८ साली हे सोपे नामकरण झाले. नवी पिढी वेगाने आणि गर्दीत नीट वागते. तिच्यामुळे भिंत पातळ होत नाही.

मग उपाय काय? आमच्या मनात पहिल्यांदा सिग्नल पुढे ढकलणारी छोटी पेटी आली, तीच जी सरळ विजेच्या खोबणीत बसवितात. विद्यार्थ्याने नको म्हटले. ती पेटी आधी ऐकते आणि मग तेच पुन्हा बोलते. एकाच वाहिनीवर दोन्ही कामे केली तर वेग निम्मा होतो. शिवाय ती जेथे लावावयाची तेथे मुळात चांगला सिग्नल असला पाहिजे. कुजबुज ऐकून तिचा पुकारा केला तर पुकारा चुकीचाच होणार. पुढे त्याने विचारले, “सर, जुनी पेटी टाकली की आहे?” आमच्या घरात काहीच टाकले जात नाही. फायबरची मूळ पेटी कपाटात होती. “मग नवीन काही घ्यायला नको. जुनी ओसरीवर लावू, आणि ही सहा शिंगांची आत नेऊ. मधे एक तार.”

म्हणजे जी पेटी आम्ही जूनमध्ये आणली होती तीच. पंचवीस मीटर तार लागणार होती. तिची आणि नळीची किंमत मिळून सातशे रुपयांच्या आत आली.

तार कोठून न्यावी यावर घरात मोठी चर्चा झाली. सौ. म्हणाल्या की भजनी मंडळ सोप्यावर बसले की आवाज आईच्या खोलीत दारातून येत नाही, वरून येतो. त्यांचे निरीक्षण अचूक होते. जुन्या कौलारू घरात आतल्या भिंती कौलांना टेकत नाहीत. त्या वाशांखाली थांबतात आणि वर सगळ्या घराचे आकाश एक असते. आम्ही तीन भिंती फोडावयास निघालो होतो. भिंतीच्या डोक्यावरून जाणारी वाट आमच्याच घरात आजोबांच्या काळापासून होती. आईच्या खोलीवर तेवढा फळ्यांचा माळा आहे, पण कोरडे लाकूड या लहरींना फारसे अडवीत नाही.

तार ओसरीतून वर चढविली आणि वाशांच्या कडेने, उंदरांच्या भीतीने नळीत घालून, माळ्यापर्यंत नेली. विद्यार्थ्याने एक गोष्ट आवर्जून केली: तार कोठेही घराबाहेरून नेली नाही. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज वाहत नाही. पण ही तार तांब्याची. मृग आणि हस्त नक्षत्रांच्या गडगडाटात उघड्यावरच्या तांब्याच्या तारेने अनेक घरांतल्या पेट्या जाळल्या आहेत. माळ्यावर, आईच्या खाटेच्या जरा बाजूला, फळीवर पेटी ठेवली. तिला नुसती वाटणी करणारी म्हणून बसविली, म्हणजे पत्ते देण्याचे काम ओसरीवरच्या पेटीचे आणि ही फक्त दूर बसलेली तिची जीभ व कान. दोघींचे नाव आणि परवलीचा शब्द एकच ठेवला, वाहिन्या मात्र वेगळ्या: एकीची १, दुसरीची ११. आणि अँटेना! आम्ही सहाही शिंगे ताठ उभी केली होती, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी. उभी अँटेना आजूबाजूला लहरी पसरते, आपल्या टोकाच्या दिशेने नव्हे; खाली खाट असेल तर काही अँटेना आडव्या झोपवावयास हव्यात. तीन झोपविल्या, तीन उभ्या ठेवल्या.

खाटेपाशी मोजले: उणे ४४.

वाचकांपैकी कोणी अशा खरेदीला निघाले असतील तर त्यांनी दुकानात जाण्याआधी घराचा नकाशा काढावा आणि चौरस फूट न मोजता भिंती मोजाव्या. विटेची पातळ भिंत असलेल्या पर्वरीच्या सदनिकेत एक साधी दुपट्टी पेटी मध्यभागी, उंचावर, कपाटाच्या बाहेर ठेवली तरी काम भागते. आरसा, शीतकपाट, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट यांच्याआड ती ठेवू नये. आमच्यासारख्या चिऱ्याच्या घरात एका बलाढ्य पेटीपेक्षा दोन साध्या पेट्या आणि मधे तार हे केव्हाही बरे. ‘मेश’ या नावाने जोडपेटी विकतात ती सोयीची असते, परंतु तिलाही तारेने जोडता येते की नाही ते पाहावे, आणि येत असेल तर जोडावी. पेटीच्या मागे तारेची तोंडे गिगाबिट वेगाची आहेत ना, ती नुसती वाटणी करणारी म्हणून चालते ना, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावे. अँटेना मोजू नयेत. आणि पैसे उरलेच तर दोन्ही पेट्यांसाठी बारा व्होल्टची लहान बॅटरी घ्यावी. पावसाळ्यात विजेचे काय होते हे पेडणे तालुक्यात राहणाऱ्याला सांगावयास नको.

त्या दिवशी सायंकाळी सात वाजता बेळगावचा फोन लागला. त्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला होती, त्याला आठ-दहा दिवस असतील. मावशीला उशीला टेकवून बसविले होते. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. आईने फोन दोन्ही हातांत धरला आणि पुष्कळ वेळ नुसती पाहत राहिली. आम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होतो. चित्र थिजते की काय म्हणून आमचा श्वास अडकलेला. चित्र थिजले नाही. मावशीचे ओठ हलले, पण त्यांत शब्द नव्हता, हे आम्हांला कळले. आईला कळले की नाही कोण जाणे. ती म्हणाली, “जेवले गो. पाऊस आहे. फणस सगळे पडून कुजले, कोणी काढले नाहीत.” मावशीने डावा हात उचलला आणि दोन बोटे हलविली.

हा नेम पुन्हा सुरू झाला आहे. आई आता काठी घेऊन चालते, सोप्यावर येऊ शकते, पण सात वाजता ती खोलीतच थांबते. सोप्यावर माणसे असतात, म्हणते. बोलते ती एकटीच. काल रात्री पावणेआठला वीज गेली. सौ. देवघरात दिवा लावावयास गेल्या आणि आम्ही मेणबत्ती शोधीत माजघरात चाचपडत होतो, तेव्हा आईच्या खोलीच्या दारातून फोनचा उजेड बाहेर जमिनीवर पडलेला दिसला, आणि आत ती बहिणीला सांगत होती की आमच्याकडे अंधार आहे, तुझ्याकडे आहे का.